गरम झाल्यावर ऑटोमॅटिक गाडी दुसरा गिअर घेतच नाही, गिअरबॉक्स खरंच उघडावा लागेल का?

जुनीचारचाकी

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय कारण तीन आठवडे डोकं खाजवून झालंय. गाडी २००१ सालची छोटी सेडान, पेट्रोल, चार गिअरची ऑटोमॅटिक आहे, सीव्हीटी (बिनपायऱ्यांचा, पट्ट्यावाला गिअरबॉक्स) नाही, साधी टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारी. मीटरवर १,७२,००० किमी. बाबांची गाडी, आता मी चालवतो आणि मला ती अजून बरीच वर्षं चालवायची आहे, हे आधीच सांगतो म्हणजे "विकून टाक" हा सल्ला नको.

तर प्रॉब्लेम असा. सकाळी थंड असताना गाडी एकदम मस्त, सगळे गिअर लोण्यासारखे पडतात. वीस-पंचवीस मिनिटं चालली, नीट गरम झाली की सिग्नलवरून निघताना पहिल्यातच रेस होत राहते, दुसरा पडतच नाही, ४० च्या आसपास जोरात धक्का बसतो आणि मग गाडी एकदम मरगळते. म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी ओढत नाही, इंजिन घुमतं नुसतं. पुढे ७०-८० ला गेली की परत बरी चालते. रिव्हर्सला काही तक्रार नाही. असं दोनतीनदा झालं की ओडी ऑफचा (ओव्हरड्राइव्ह म्हणजे चौथा गिअर बंद असल्याचा) दिवा लुकलुकायला लागतो. गाडी अर्धा तास बंद ठेवली की पुन्हा शहाण्यासारखी.

गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी एक चक्कर मारली आणि क्लच प्लेटा गेल्या, गिअरबॉक्स उतरवून ओव्हरहॉल नाहीतर जुना बॉक्स आणून बसवा असं सांगितलं. तेल त्यांनीच चार महिन्यांपूर्वी बदललेलं. माझ्याकडे ब्लूटूथचा छोटा ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारा) आहे, त्यात फक्त पी०७०० येतो, बाकी काही नाही. कोणाला असा अनुभव आहे का? उघडण्याआधी मी काय काय बघू शकतो?

तेलाचे_हात

पहिलं काम एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. बदललंय म्हणताय पण कोणतं घातलं ते माहितीये का? डिपस्टिकवर नाहीतर मॅन्युअलमध्ये जो ग्रेड लिहिलाय तोच हवा. डेक्स्ट्रॉन ३ वाल्या बॉक्समध्ये दुसरंच काहीतरी घातलं, किंवा एका कंपनीच्या टी-४ च्या जागी डब्ल्यूएस घातलं की क्लच पकडण्याची वागणूकच बदलते. सीव्हीटीचं तेल तर चुकूनही नको.

लेव्हल कशी बघितली तेही सांगा. इंजिनसारखी बंद करून बघायची नाही. बहुतेक गाड्यांत सपाट जागी, पंधरा-वीस मिनिटं चालवून आल्यावर, इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून लिव्हर पी पासून एल पर्यंत प्रत्येक ठिकाणी दोन सेकंद थांबवत न्यायचा, परत पी ला आणायचा आणि मग डिपस्टिक काढून, पुसून, घालून, पुन्हा काढून बघायचं. हॉटच्या दोन खुणांच्या मध्ये हवं. फक्त होंडावाल्यांनी इंजिन बंद केल्या केल्या मिनिटभरात बघायचं असतं. कमी असेल तर पंप हवा ओढतो, आणि जास्त असेल तरी फिरते भाग ते तेल घुसळून फेस करतात, म्हणजे दोन्हीकडून तेलाचं प्रेशर कमी होतं. "थोडं जास्त असलेलं बरं" हे इथे चालत नाही.

पांढऱ्या टिश्यूवर एक थेंब टाका. लाल किंवा फिकट तपकिरी आणि पसरत असेल तर ठीक. काळपट, जळका वास, मध्ये बारीक काळी पूड, तर क्लचचं अस्तर जळतंय. गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधल्या कुलरमधून कूलंट आत शिरतंय, तशी गाडी एक किलोमीटरही चालवू नका.

रविवारचा_मेकॅनिक

माझ्या गाडीला सेम झालेलं मी प्रेशर फ्लश करून घेतला आणि बाटलीतलं अ‍ॅडिटिव्ह टाकलं बरंच सुधारलं ट्राय करून बघा

गिअरपेटी_७२

फ्लश आत्ता नको, हात जोडून सांगतो. काय बिघडलंय हे कळायच्या आधी मशीनने दाबून तेल फिरवलं तर तळाला बसलेली घाण उठून व्हॉल्व्ह बॉडीच्या (तेल योग्य गिअरकडे वळवणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांत अडकते, आणि मग मूळ दोष कोणता आणि नवा कोणता हे सांगता येत नाही. तेल बदलायचंच असेल तर चेंबरच्या (गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या परातीच्या) बोल्टमधून सोडा आणि तेवढंच मोजून भरा. त्यात अर्ध्याहून कमीच बदलतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून दोनतीन वेळा थोड्या थोड्या अंतराने करतात.

तेलाचे_हात यांनी सांगितलेलं सगळं बरोबर आहे, ते आधी करा. पण मला तुमच्या वर्णनात एक गोष्ट खटकतेय आणि ती महत्त्वाची वाटते, म्हणून विचारतो. तो धक्का बसतो तेव्हा आरपीएमचा काटा कुठून कुठे जातो ते बघून आकडा सांगाल का? शेजारी कोणाला तरी बसवा आणि त्याला काटा बघायला सांगा, तुम्ही रस्ता बघा. आणि धक्क्याच्या आधी रेस होते तेव्हा स्पीड वाढतोय का नुसता आवाज वाढतोय?

जुनीचारचाकी

@तेलाचे_हात लेव्हल तुम्ही सांगितलं तशी बघितली, हॉटच्या दोन खुणांच्या बरोब्बर मध्ये आहे. रंग लालसर तपकिरी, वास जळका नाही. डबा गॅरेजने गाडीच्या डिकीतच ठेवलेला, ग्रेड मॅन्युअलशी जुळतो.

@गिअरपेटी_७२ भावाला बसवून बघितलं. पहिल्यात ३८०० पर्यंत जातो, स्पीड बरोबरीने वाढतो, ४० ला येतो. मग धाडकन १५०० च्याही खाली. थंड असताना पहिला-दुसरा पडतो तेव्हा तो साधारण अर्ध्यावर येतो.

गिअरपेटी_७२

मग माझं मत सांगतो, तुमच्या प्लेटा घसरत नाहीयेत. तुमचा बॉक्स चुकीचा गिअर निवडतोय. या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत आणि चालवताना दोन्ही "पिकअप गेला" अशाच वाटतात, तिथेच फसायला होतं.

प्लेट घसरते तेव्हा काटा वर जातो आणि स्पीड जागच्या जागी. तुमच्याकडे ३८०० ला ४०, हे पहिल्या गिअरचं हिशोबाने बरोबर बसतं, म्हणजे पहिला घट्ट धरलाय. आता पुढचं बघा. अशा चार गिअरच्या बॉक्समध्ये गुणोत्तरं साधारण २.८, १.५५, १ आणि ०.७ अशी असतात. पहिल्यातून दुसऱ्यात गेलात तर ३८०० चे २१०० व्हायला हवेत. थेट चौथ्यात गेलात तर हजाराच्याही खाली जायला हवा, पण कन्व्हर्टर थोडा घसरून देतो म्हणून १४००-१५०० दिसतो. तुमचा आकडा तोच आहे. गाडी पहिल्यातून सरळ चौथ्यात जातेय हो, म्हणून ४० ला मरते आणि ७०-८० ला बरी वाटते, कारण तिथे चौथाच हवा असतो.

आता असं का होईल. या बॉक्समध्ये दोन शिफ्ट सोलेनॉइड असतात, ए आणि बी म्हणू. सोलेनॉइड म्हणजे तारेचं एक वेटोळं आणि आत छोटी सुई, करंट दिला की तेलाची एक वाट उघडते. कॉम्प्युटर फक्त हे दोन चालू-बंद करतो, आणि दोघांच्या जोडीवरून गिअर ठरतो. एका फार वापरात असलेल्या मांडणीत पहिल्याला ए चालू बी बंद, दुसऱ्याला दोन्ही चालू, तिसऱ्याला ए बंद बी चालू, चौथ्याला दोन्ही बंद. आता समजा बी मेला. पहिला होईल, त्याला बी लागतच नाही. दुसरा मागितला तर ए चालू बी बंद, म्हणजे पहिलाच. तिसरा मागितला तर दोन्ही बंद, म्हणजे चौथा! तुमचं वर्णन शब्दशः हेच आहे. तुमच्या गाडीचा तक्ता सर्व्हिस मॅन्युअलमधून नक्की करून घ्या, सगळ्यांची मांडणी सारखी नसते.

आणि गरम झाल्यावरच होतंय, याचं कारण वेटोळ्यातली तार कुठेतरी तडकलेली असते, थंड असताना टोकं टेकलेली राहतात, तापून प्रसरण पावली की सुटतात. म्हणून थंड गाडीवर मीटर लावून "सोलेनॉइड ओके" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दोष ज्या अवस्थेत येतो त्याच अवस्थेत मोजायचं.

मल्टीमीटरवाली

गिअरपेटी दादांशी पूर्ण सहमत, मोजायचं कसं ते मी लिहिते, मला हे आमच्या जुन्या गाडीवर करावं लागलंय.

तो पी०७०० म्हणजे दोष नाही, तो निरोप आहे. इंजिनचा कॉम्प्युटर एवढंच सांगतोय की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे काहीतरी नोंद आहे, तिकडे जाऊन बघा. स्वस्त रीडर फक्त इंजिनशी बोलतात. ट्रान्समिशन मॉड्यूल वाचणारा स्कॅनर कोणाकडे असेल तर मागून आणा, माझा अंदाज पी०७५८ नाहीतर पी०७५५ मिळेल, दोन्ही शिफ्ट सोलेनॉइड बी चे. आणि त्याआधी कोणालाही बॅटरीचा टर्मिनल काढू देऊ नका, बऱ्याच जुन्या गाड्यांत नोंद पुसली जाते.

मोजायला गाडीखाली जायची गरज नाही, निदान आधी तरी नाही. कॉम्प्युटर डॅशबोर्डच्या आत असतो, बऱ्याचदा ग्लोव्हबॉक्सच्या मागे. मॅन्युअलमधून दोन्ही सोलेनॉइडच्या पिना शोधा. थंड गाडीवर, चावी बंद, कनेक्टर काढून वायरिंगच्या बाजूने प्रत्येक पिन ते बॉडी अर्थ असा ओहम मोजा आणि लिहून ठेवा. चालू-बंद प्रकारच्या सोलेनॉइडला साधारण ११ ते १५ ओहम येतात, काही बॉक्समध्ये वीसच्या वर, तुमच्या मॅन्युअलचा आकडा खरा धरा. मग कनेक्टर लावा, गाडी चालवून दोष यायला लावा, सुरक्षित जागी थांबा, चावी बंद, आणि लगेच, एक मिनिटही न घालवता पुन्हा मोजा. तापल्यावर थोडा आकडा वाढणारच, १३ चे १६ झाले तर ते तांब्याचं नॉर्मल वागणं आहे. पण मीटर ओएल (म्हणजे सर्किट तुटलेलं, ओपन) दाखवायला लागला किंवा आकडा नाचायला लागला तर सापडलं.

पण एवढ्यावर सोलेनॉइड मागवू नका!! मध्ये पाचसहा फूट वायर आहे. गिअरबॉक्सवरचा कनेक्टर काढून तिथूनही गरम असताना मोजा. तिथे बरोबर आणि डॅशबोर्डमधल्या कनेक्टरवर ओपन, तर दोष बाहेरच्या वायरीत, आणि मग चेंबर उघडायचं काहीच कारण नाही. कनेक्टरच्या पिनांवर तेल चढलंय का, हिरवट गंज आहे का तेही बघा. आमच्या वेळी सोलेनॉइड चांगला होता, बॅटरीच्या ट्रेखाली वायर घासून तुटायला आली होती आणि इंजिन हललं की सुटायची, आठ दिवस उगाच गिअरबॉक्सला दोष दिला. बॉडी ते गिअरबॉक्सची अर्थिंगची पट्टीही काढून, घासून लावा, या सोलेनॉइडांचा परतीचा रस्ता तिथूनच आहे.

तेलाचे_हात

दोघांनी छान सांगितलंय. एक जोड. प्लेटा खरंच शाबूत आहेत का हे बघायला अजून एक साधी टेस्ट, सोलेनॉइडचा कनेक्टर काढून ठेवून मोकळ्या जागी हाताने गिअर टाकत चालवायची. कनेक्टर काढला की दोन्ही बंद, मग लिव्हरच्या जागेवरून गिअर ठरतो, वरच्या मांडणीत एल ला पहिला, २ ला तिसरा, डी ला चौथा. एल ला निघा, मग २, मग डी. गाडी गरम आहे, गिअर धरतोय, न घसरता ओढतोय, तर बॉक्स यांत्रिकदृष्ट्या बरा आहे. मात्र वेगात असताना मागे एल ला आणू नका. नंतर कोड पडलेले दिसतील ते पुसावे लागतील.

स्टॉल टेस्ट (गिअरमध्ये ब्रेक दाबून धरून पूर्ण रेस द्यायची टेस्ट) करायच्या भानगडीत स्वतः पडू नका. पाच सेकंदांच्या वर गेलं की तेल भयंकर तापतं आणि गाडी पुढे उसळली तर माणूस चिरडतो.

रविवारचा_मेकॅनिक

थ्रॉटल केबल पण बघा ना जुन्या गाडीत असते ती सैल झाली की पण गिअर वेडेवाकडे पडतात

गिअरपेटी_७२

हा मुद्दा बरोबर आहे, ज्यांच्याकडे ती केबल आहे त्यांनी बघायलाच हवी. ती सैल असेल तर बॉक्सला वाटतं तुम्ही हळू चालवताय, प्रेशर कमी राहतं, गिअर लवकर आणि मऊ पडतात आणि चढावर प्लेटा घसरून जळतात. फार ताणलेली असेल तर गिअर उशिरा आणि धक्क्याने. पेडल पूर्ण दाबल्यावर केबलवरचा स्टॉपर आणि बाहेरच्या आवरणाचं टोक यात ० ते १ मिमी फट, असं बऱ्याच मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. पण ती केबल गाडी थंड असतानाही सैलच असणार. यांचा दोष तापमानाबरोबर येतो-जातो, म्हणून मी तिला दुसऱ्या नंबरवर ठेवीन.

जुनीचारचाकी

अपडेट, आणि आधी सगळ्यांचे मनापासून आभार.

हाताने गिअर टाकायची टेस्ट केली, गरम गाडीवर, पहिला तिसरा चौथा तिन्ही घट्ट. तिथेच निम्मा जीव भांड्यात पडला.

मग मीटर. थंड असताना ए १३.२, बी १३.४. चालवून, दोष आणून, बाजूला घेऊन ग्लोव्हबॉक्स आधीच काढून ठेवला होता म्हणून अर्ध्या मिनिटात पिनेवर मीटर टेकवला. ए १६.१. बी ओएल. पाचसहा मिनिटं तसाच बसून राहिलो, मीटर धरून, आणि मग अचानक ओएल चा १५.८ झाला, परत ओएल, परत १५.८. गिअरबॉक्सच्या कनेक्टरवर दुसऱ्या दिवशी मोजलं, तेच. म्हणजे बाहेरची वायर बरी, दोष आत. मित्राने स्कॅनर आणला त्यात पी०७५८ निघाला, मल्टीमीटरवाली ताईंचा अंदाज अचूक.

रविवारी चेंबर काढला. गाडी स्टँडवर, नुसत्या जॅकवर नाही, आणि रात्रभर थंड होऊ दिली कारण ते तेल अंगावर आलं तर भाजतं. तेल २.८ लिटर निघालं, बाटल्यांत मोजून ठेवलं. चेंबरच्या तळाला दोन लोहचुंबक आहेत, त्यावर करडी पेस्ट होती, बोटावर घेतली तर काजळासारखी मऊ, चकचकीत तुकडे किंवा कण अजिबात नाहीत. ते बघून फार बरं वाटलं. सोलेनॉइड एका बोल्टवर बसलेला, खाली ओढला की निघतो.

बाहेर काढलेल्या जुन्या सोलेनॉइडवर मीटर लावला, १३.३. मग हेअर ड्रायरने गरम करत गेलो, १४, १५, १५.५ आणि मग ओएल. प्लॅस्टिकच्या टोपीतून तार जिथे बाहेर येते तिथे नखाने हलकं दाबलं की आकडा परत यायचा, सोडला की जायचा. भाऊ, मी, दोघं ते पुन्हा पुन्हा करून बघत होतो. तीन आठवडे ज्याच्यासाठी झोप उडाली ती गोष्ट अंगठ्याएवढी आहे.

नवे दोन्ही घातले, ए सुद्धा, कारण वय तेच आहे. फिल्टर आणि गॅस्केट नवं. चेंबरचे बोल्ट अगदी हलक्या हाताने, मॅन्युअलमध्ये ५ न्यूटन मीटरच्या आसपास दिलंय, तेवढंच. मोजून तेल भरलं, गरम करून लेव्हल बघितली, थोडं कमी होतं ते घातलं. आज अकरा दिवस झाले, रोज तासभर चालवतोय, दुसरा गिअर दर वेळी पडतो. ३८०० पर्यंत नेऊन सोडलं की काटा २१०० ला येतो, गिअरपेटी दादा, तुम्ही लिहिलेला आकडा.

एकच शंका राहिलीय. सकाळी पहिल्यांदा पी मधून डी ला टाकलं की गिअर लागायला किंचित वेळ लागतो असं वाटतं. आधीपासून होतं का आता लक्ष जातंय कळत नाही.

मल्टीमीटरवाली

वा!! तो सोलेनॉइड टाकू नका, गॅरेजवाल्यांना हेअर ड्रायर लावून दाखवा, त्यांनाही पुढच्या गाडीला उपयोग होईल.

गिअरपेटी_७२

फार छान काम केलंत, चुंबकावरची पेस्ट बोटावर घेऊन बघितलीत ते तर उत्तमच.

डी चा उशीर वाटण्यावर नको, मोजून बघा. गाडी गरम, सपाट जागा, हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक दोन्ही, एसी बंद. एन वरून डी ला टाकल्यापासून हलका धक्का जाणवेपर्यंत फोनच्या स्टॉपवॉचवर वेळ घ्या, मध्ये मिनिटभर थांबत तीन वेळा, आणि सरासरी काढा. डी ला १.२ सेकंदांच्या आत, रिव्हर्सला १.५ च्या आत असेल तर सोडून द्या. फक्त सकाळी थंड असतानाच उशीर होत असेल तर रात्रभरात कन्व्हर्टरमधलं तेल खाली उतरतं किंवा आतली रबरी सीलं वयाने कडक झालीत, त्यासाठी गाडी चालू करून पंधरा-वीस सेकंद पी मध्येच ठेवा आणि मग डी ला टाका. गरम असतानाही दोन सेकंद लागायला लागले तर मात्र परत इथे लिहा, तेव्हा लाइन प्रेशर, म्हणजे गिअरबॉक्समधल्या तेलाचं मुख्य प्रेशर, मोजायला लागेल.

जुनीचारचाकी

मोजलं. गरम असताना डी ला सरासरी १.० आणि रिव्हर्सला १.२. सकाळी थंड असताना डी ला १.७ आलं, पंधरा सेकंद थांबून टाकलं तर १.१. आजपासून थांबूनच टाकतो. हेच आकडे गाडीच्या वहीत तारीख घालून लिहून ठेवलेत, सहा महिन्यांनी परत मोजीन.